होडीसाठी लाकूड निवडताना आणि जमवताना

होडी बांधायची ठरली की बहुतेक जण आधी फळ्यांसाठी सागाचे ओंडके शोधू लागतात. माझ्या मते सुरुवात वाकड्या लाकडापासून करावी. सरळ साग पैसे मोजले की मिळतो, परंतु बरगड्यांना (फळ्यांना आतून आधार देणाऱ्या बाकदार लाकडांना) आणि नाळेला (होडीच्या पुढच्या टोकाच्या उभ्या लाकडाला) लागणारा नैसर्गिक बाक वखारीत मागून मिळत नाही. सरळ लाकूडच बाकदार कापले, तर त्याच्या तंतूंच्या रेषा मध्येच तुटतात आणि लाटांचा मार बसू लागला की नेमकी तिथेच चीर जाते. म्हणून आराखड्यावरून प्रत्येक बरगडीचा पातळ प्लायवुडचा फर्मा कापून सोबत न्यावा, बाभळीच्या किंवा ऐनाच्या वाकड्या फांदीवर, तसेच खोडातून फांदी फुटते त्या बेचक्यावर तो ठेवून पाहावा, आणि रेषा फर्म्याच्या कडेबरोबर वळत असतील तेवढेच लाकूड घ्यावे.

फळ्यांसाठी मात्र सागाला तोड नाही. त्याच्या अंगच्या तेलामुळे तो सहसा कुजत नाही आणि लोखंडी खिळेही त्यात लवकर गंजत नाहीत. मुंबईच्या गोदीत मलबारी सागात बांधलेले आणि 1817 साली पाण्यात उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. हा टिकाऊपणा तपकिरी गाभ्याचा. सालीलगतचे पांढरट लाकूड बोटभरही होडीत येऊ देऊ नये.

ओंडक्याच्या दोन्ही तोंडांवर पाणी मारावे, म्हणजे बारीक भेगा उठून दिसतात. मग एका तोंडावर हातोडी मारून दुसऱ्या तोंडाशी कान द्यावा. आवाज खणखणीत न येता बद्द आला, तर आत पोकळी किंवा कूज असण्याचा संभव असतो. घेराच्या चौथ्या भागाचा वर्ग करून लांबीने गुणले की घनफूट निघतात, म्हणजे 4 फूट घेराचा, 10 फूट लांबीचा ओंडका 10 घनफूट भरतो.

साग स्वतःच्या जमिनीत असला, तरी महाराष्ट्रात 1964 च्या वृक्षतोड अधिनियमानुसार आधी परवानगी घ्यावी लागते आणि लाकूड हलवताना वाहतूक परवाना जवळ ठेवावा लागतो.

चिरलेल्या फळ्या छपराखाली, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या देऊन रचाव्यात आणि तोंडांना मेण किंवा रंग लावावा. इंचभर जाडीला साधारण वर्ष द्यावे. मात्र फळी पार कोरडी होऊ देऊ नये, कारण पाण्यात ती प्रमाणाबाहेर फुगते आणि शेजारच्या फळीला रेटून खिळे सैल करते. वाकड्या तुकड्यांवर त्या त्या बरगडीचा क्रमांक आणल्या दिवशीच रंगाने लिहावा. खडू पहिल्या पावसात धुऊन जातो.