मिरजेच्या उरुसात गाणं ऐकायला जाताना

मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसातली संगीतसभा ऐकायची तर दुपारीच झोप काढून घ्या. मी सांगलीहून उन्हं कलायच्या आत पोचते आणि आधी सतारमेकर गल्लीत जाते. सतार-तानपुऱ्यांसाठी वाळवलेले भोपळे, तानपुऱ्याची जवारी काढणारे, म्हणजे तारा गुंजाव्यात म्हणून घोडी घासणारे हात पाहिले की कान तयार होतो.

मग दर्गा. १९३७ साली गेलेले किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब इथंच विसावलेत. त्यांच्या आठवणीत कलावंत हजेरी लावतात. आधी त्यांच्या कबरीपाशी दोन मिनिटं थांबा. डोक्यावर रुमाल, चपला पिशवीत.

बैठक उघड्यावर, चिंचेच्या झाडाखाली. जवळ सतरंजी, पाणी ठेवा. तानपुरे जुळताना मात्र बोलू नका. माझा सगळा जीव त्या क्षणात असतो. उठायचंच झालं तर दोन गाण्यांच्या मधे उठा.