राज्य विधिमंडळाने मंजूर केलेल्या विधेयकात चूक सापडली, तर दुरुस्ती कशी करायची?

आधी कागद कुठे पोचलाय ते पाहा. मार्ग त्यावर ठरतो.

विधेयक मंजूर झाले, पण राज्यपालांकडे गेले नाही, तर काम सोपे. लोकसभेच्या नियम ९५ नुसार उघड चुका दुरुस्त करण्याचा आणि स्वीकृत सुधारणांमुळे ओघाने येणारे बदल करण्याचा अधिकार अध्यक्षांना आहे. विधानसभांचे नियमही बहुतेक याच धर्तीचे आहेत. खंड ५ (विधेयकातल्या कलमाला खंड म्हणतात) वगळला, तर पुढचे सगळे खंड एकेका क्रमांकाने वर सरकतात. मग जुन्या खंड ११ मध्ये (तो आता १०) ‘खंड ८’ असा उल्लेख असेल, तर तो ‘खंड ७’ करावा लागतो. क्रमांक बदलतात सगळेच. राहून जातात ते परंतुकातले (‘परंतु’ने सुरू होणाऱ्या अटीतले), समासटीपांतले आणि अनुसूचीच्या डोक्यावरचे उल्लेख. तिथे दोनदा नजर फिरवा.

उघड चूक म्हणजे जिचे बरोबर रूप विधेयकातून किंवा स्वीकृत सुधारणेच्या सूचनेतून निर्विवाद निघते ती. ‘परवनाधारक’चे ‘परवानाधारक’ खुशाल करा. पण दंड अक्षरी पाच हजार आणि अंकी ५०,००० असेल, सूचनेतूनही उलगडा होत नसेल, तर हात लावू नका. ‘आणि’च्या जागी ‘किंवा’ घालणे तर थेट धोरण बदलणे. ते सभागृहाचेच काम.

विधान परिषद असलेल्या राज्यात परिषदेने चूक पकडून सुधारणा केली, तर विधेयक परत विधानसभेकडे येते. राज्यपालांकडे गेल्यावर अनुमतीपूर्वी चूक दिसली, तर संविधानाच्या अनुच्छेद २०० खाली राज्यपालांना ते संदेशासह परत पाठवता येते; धन विधेयक (फक्त कर, सरकारी खर्च अशा बाबींचे) मात्र नाही.

अनुमतीनंतर राजपत्रातला मजकूर अनुमतीच्या प्रतीशी (राज्यपालांनी ज्या प्रतीवर अनुमती दिली तिच्याशी) शब्दन्‌शब्द ताडून पाहा. चूक फक्त छपाईत असेल, तर शुद्धिपत्र पुरते. प्रतीतच असेल, तर शुद्धिपत्राने कायदा बदलत नाही. ‘अडचणी दूर करण्याचे’ कलमही (अंमलबजावणीतल्या अडचणी आदेशाने दूर करण्याचा अधिकार सरकारला देणारे) अशा वेळी ओढूनताणून वापरू नये. सुधारणा विधेयकच आणावे लागते. अधिवेशन नसेल आणि निकड असेल, तर अनुच्छेद २१३ चा अध्यादेश. तो अधिवेशन सुरू झाल्यावर सहा आठवड्यांत संपतो, म्हणून विधेयकाचा मसुदा सोबतच तयार ठेवा.

दुरुस्ती मागील तारखेपासून लागू करता येते, पण शिक्षा वाढत असेल तर नाही. अनुच्छेद २०(१) आड येतो. मूळ विधेयक मराठीत असेल, तर राजपत्रातला इंग्रजी अनुवादही तपासा: अनुच्छेद ३४८(३) खाली तो इंग्रजीतला प्राधिकृत पाठ मानला जातो.