पाटीआधी बोटं

तीन-साडेतीन वर्षांचं पोर जूनमध्ये अंगणवाडीत जातं आणि दिवाळीपर्यंत घरच्यांना त्याचं ‘अ आ इ ई’ वहीत हवं असतं. एवढी घाई नको. त्या वयात हाताला उभी रेघ आणि गोल जमतो. अधिकचं चिन्ह चारच्या सुमाराला, चौकोन त्याच्याही पुढे, त्रिकोण साधारण पाचव्या वर्षी. ‘भ’मध्ये तर गाठ, दांडा आणि तुटकी रेघ एकदमच येतात.

आधी बोटं तयार करा. चपातीच्या कणकेचा लिंबाएवढा गोळा द्या आणि अंगठा व दोन बोटांनी चिमटे काढून हरभऱ्याएवढ्या गोळ्या करायला सांगा. ज्वारीचं पीठ भेगाळतं, ते नको. मटार सोलणं, वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे काढणं हेही चालतं. सगळ्यांत उत्तम रांगोळी, कारण पीठ सोडताना जी तीन बोटं जुळतात तीच पुढे पेन्सिल धरतात. दगडाची पूड डोळ्यांत जाते, म्हणून तांदळाचं पीठ घ्या. सुरुवातीला चार ठिपके आणि त्यांना जोडणारी रेघ, बस्स.

मग खडू. अख्खा खडू पोर मुठीत धरतं. तोच मोडून अडीच-तीन सेंटिमीटरचा तुकडा द्या, तो मुठीत धरवतच नाही. पाटी मांडीवर न देता भिंतीला टेकवून डोळ्यांसमोर ठेवली की मनगट आपोआप मागे वळतं. पाच-सात मिनिटं पुरे. हात दुखला की पकड बिघडते.

अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने नकोत, वळणाने घ्या. ‘व’ आला की पोटात रेघ मारून ‘ब’, ‘व’लाच शेपूट जोडून ‘क’. तसंच ट, ठ, ढ. ‘म’ आणि ‘भ’ मात्र एकाच आठवड्यात शिकवू नका, घोळ होतो. ठिपक्यांवरून गिरवायची पुस्तकं एकट्याच्या हाती देऊ नयेत. पोर खालून वर जातं, दांडा आधी काढतं, तरी पान नीटच दिसतं. अक्षर कसं दिसतं यापेक्षा हात कुठून निघाला ते बघा.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे आणखी एक गोष्ट असते. दुकानांवर, बसवर कानडी, शाळेतही कानडी. कानडीत बहुतेक अक्षरांना आपापली छोटी टोपी असते, तिला तलकट्टु म्हणतात. ती सवय लागली की पोर मराठीतही प्रत्येक अक्षरावर वेगळी रेघ मारतं. त्यावर उपाय म्हणजे आधी ‘कमळ’ बिनरेघेचं लिहून घ्या, मग डावीकडून उजवीकडे एका दमात रेघ. अनुस्वाराचंही तसंच. कानडीत तो अक्षरानंतर पूर्ण गोल असतो, मराठीत डोक्यावर टिंब. म्हणून ‘गंगा’ लिहिताना मधेच शून्य येतं. ओरडू नका. दोन्ही लिप्यांतली ‘गंगा’ एकाखाली एक लिहा आणि टिंब कुठे गेलं ते त्यालाच शोधू द्या. घरी मात्र स्वतःचं नाव आणि पंधरा-वीस अक्षरं न बघता येईपर्यंत एकाच लिपीला हात घाला.

डावखुऱ्या पोराचा हात बदलू नका. कागदाचं वरचं टोक थोडं उजवीकडे कलतं ठेवा आणि पेन्सिल टोकापासून दोन-तीन बोटं वर धरायला लावा, म्हणजे लिहिलेलं हाताखाली झाकत नाही.