पॅकेज लिहिताना लॉग छापू नका, इव्हेंट सोडा

नोडजेएसमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या वातावरणात) चार प्रकल्पांत वापरलं जाईल असं पॅकेज पहिल्यांदाच लिहायला बसलेल्यांना मी आधी एकच गोष्ट सांगतो: आत कन्सोल.लॉग, म्हणजे थेट आउटपुटवर ओळ छापणारी आज्ञा, ठेवू नका. स्वतःच्या ॲपमध्ये ते चालून जातं, कारण आउटपुट कुठे जातंय हे आपल्याला ठाऊक असतं. पॅकेजचं तसं नाही. आमचं एक कमांड-लाइन टूल जेसन (ठरावीक मांडणीतला डेटा) छापायचं आणि पुढची स्क्रिप्ट ते वाचायची. त्यातल्या एका पॅकेजच्या नव्या आवृत्तीत ‘कनेक्शन झालं’ अशी ओळ आली. ती स्टँडर्ड आउटपुटवर जेसनच्या आधी उमटली आणि ते वाचणारा पार्सर पहिल्याच अक्षराला अडला.

उपाय नोडमध्येच आहे: इव्हेंटइमिटर, म्हणजे काही घडलं की ते नावानिशी जाहीर (इमिट) करणारा क्लास. आपला क्लास त्यावरून एक्स्टेंड करायचा आणि सांगण्यासारखं काही घडलं की ‘लॉग’ नावाचा इव्हेंट इमिट करायचा. सोबत नुसतं वाक्य नको, ऑब्जेक्ट द्या: लेव्हल, सहसा न बदलणारा कोड, मेसेज आणि असेल तर मूळ एरर. पॅकेज वापरणारा त्यावर लिसनर (इव्हेंट आला की चालणारं फंक्शन) लावून ते विन्स्टन किंवा पिनो अशा लॉग लायब्ररीकडे पाठवेल, नाहीतर डीबगच्या ओळी गाळून टाकेल. लिसनर लावलाच नाही, तर पॅकेज गप्प राहील. पायथनचं अधिकृत डॉक्युमेंटेशनही लायब्ररीवाल्यांना हेच बजावतं: काहीच न लिहिणारा नलहँडलर सोडून लॉग कुठे पाठवायचा ते ठरवणारा दुसरा हँडलर जोडू नका.

इव्हेंटचं नाव मात्र ‘एरर’ ठेवू नका. नोडमध्ये या नावाला वेगळा नियम आहे. लिसनर नसताना तो इमिट झाला की एक्सेप्शन फेकलं जातं आणि ते कुणी पकडलं नाही तर अख्खी प्रोसेस कोसळते. रिट्राय करून सावरलेल्या बिघाडाची नोंद करण्यापायी कुणाचा सर्व्हर का पाडायचा? गांभीर्य लेव्हलमध्ये सांगा.

दुसरं, इमिट सिंक्रोनस असतं. लिसनर जोडलेल्या क्रमाने तिथल्या तिथे चालतात, तोवर तुमची पुढची ओळ थांबून राहते. लिसनर संथ असेल तर तुमचं पॅकेज संथ. त्यात एक्सेप्शन आलं, तर ते तुमच्याच फंक्शनमध्ये येऊन आदळतं. हे रीडमीत (पॅकेजसोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये) स्पष्ट लिहा. कन्स्ट्रक्टरमध्ये इमिट केलेला मेसेज तर कुणालाच मिळत नाही, कारण लिसनर नंतर जोडला जातो. तो प्रोसेस.नेक्स्टटिकने, म्हणजे चालू कोड संपल्यावर लगेच चालेल असा, पुढे ढकला.

पासवर्ड आणि टोकन ऑब्जेक्टमध्ये घालूच नका. लिसनर ते कुठे लिहील यावर तुमचा ताबा नाही. कोडची यादीही रीडमीत असू द्या. त्या कोडवर कुणीतरी अलर्ट लावलेला असतो, त्यामुळे तो बदलायचा झाला तर मेजर आवृत्तीच (पहिला आकडा वाढवलेली) काढावी लागते.