गाडीवरचे ओरखडे: आधी खोली ओळखा, मग कंपाउंड उघडा

गळीत हंगाम सुरू झाला की बेळगाव जिल्ह्यात चिकोडी, निपाणी, अथणीकडच्या अरुंद रस्त्यांवर उसाच्या ट्रॉलीला वाट देताना दारांवर लांब, बारीक रेघा उमटतात. उसाच्या पात्याच्या कडा दातेरी असतात आणि त्यात सिलिका असते, म्हणून रंगावर ओरखडा उठतो. खानापूर-जांबोटीकडे हेच काम रस्त्याकडेची झुडपं करतात. यातले बरेच ओरखडे घरी निघतात. मात्र कंपाउंड (रंग घासून गुळगुळीत करणारी पेस्ट) ओरखडा भरत नाही, आजूबाजूचा थर घासून त्याच्या तळाशी नेतं, हे आधी डोक्यात पक्कं हवं.

पत्र्यावर प्राइमर, त्यावर रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. कंपनीतून आलेले सगळे थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) भरतात, त्यात क्लिअर कोट 35 ते 50 च्या आसपास. घासण्यासाठी हातात आहे तो एवढाच, आणि एकदा गेला की नव्याने रंगवल्याशिवाय परत येत नाही.

खोली पाहायला ओरखड्यावर पाणी लावा. ओल्या अंगाला तो दिसेनासा झाला तर तो क्लिअर कोटातच आहे. मग कोरड्या जागेवर नख आडवं फिरवा. नख अडकलं नाही तर पॉलिशने काम होईल. अडकलं आणि आत पांढरं, करडं किंवा चकाकता पत्रा दिसला तर घासू नका, तिथे टचअपच, म्हणजे तेवढ्याच जागी नवा रंग भरणं, लागेल.

धुण्यात आळस नको. खानापूरची तांबडी जांभ्याची धूळ कणीदार असते. ती अंगावर असताना फडकं फिरवलं की एका ओरखड्याचे शंभर होतात. (डिकीत ठेवलेल्या कोरड्या फडक्याने रोज गाडी पुसण्याची सवय गाडीचा रंग जितका खराब करते, तितका ऊसही करत नाही.) आधी नुसत्या पाण्याच्या जोरदार धारेने धूळ सोडवा, मग कार शाम्पू लावा. दोन बादल्या घ्या, एक शाम्पूची आणि एक मिट (धुण्याचा मऊ हातमोजा) खळबळायला. सुकवायला स्वच्छ मायक्रोफायबर वापरा.

घासायचं काम सकाळी, सावलीत करा. पत्रा हाताला गार लागला पाहिजे, तापलेल्या पत्र्यावर कंपाउंड लगेच सुकतं आणि डाग धरतं. रबर पट्ट्या, काळं प्लास्टिक आणि दाराच्या धारदार कडा मास्किंग टेपने झाका. कडांवर थर पातळ असतो आणि हाताचा सगळा दाब तिथेच येतो, त्यामुळे रंग आधी तिथून जातो. फोमच्या पॅडवर वाटाण्याएवढं बारीक कंपाउंड घ्या, वीतभर जागेतच मिनिटभर मध्यम दाबाने उभं-आडवं घासा, पुसा आणि मोबाईलचा टॉर्च तिरका धरून पाहा. तीन-चार फेऱ्यांत फरक पडला नाही तर थांबा. दाब वाढवून उपयोग नाही. फडक्यावर गाडीचा रंग उतरू लागला तर क्लिअर कोट संपला असं समजा (क्लिअर कोट नसलेल्या जुन्या गाडीवर मात्र रंग उतरणं नेहमीचंच). शेवटी फिनिशिंग पॉलिश आणि वॅक्स.

नख जेमतेम अडकतं असा ओरखडा 2000 नंबरच्या वॉटर पेपरने (ओला करून वापरायच्या बारीक पॉलिश पेपरने) काढता येतो. पेपर 10 मिनिटं पाण्यात भिजवा, शाम्पूचं पाणी सोडत हलक्या हाताने दहा-बारा फेऱ्या मारा, मग 3000 नंबर, मग कंपाउंड. हात नवा असेल तर हे करू नका. पेपर कंपाउंडपेक्षा कितीतरी वेगाने थर खातो. टूथपेस्टही नको, तिचे कण गाडीसाठी मोजून केलेले नसतात.

टचअपसाठी रंगाचा कोड लागतो. तो बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. नुसतं ‘सिल्व्हर’ सांगून आणलेला रंग जुळत नाही. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. गंज असेल तर पेपरच्या टोकाने तेवढाच खरवडा. पत्रा दिसत असेल तर आधी प्राइमर. बाटली मिनिटभर हलवा, मेटॅलिकचे कण तळाला बसतात. टूथपिकच्या टोकाने पातळ थर द्या, दोन थरांत 20 ते 30 मिनिटं ठेवा. एकच जाड थेंब दिला तर तो सुकताना आत बसतो आणि कडेला वर येतो. शेवटचा क्लिअर कोट किंचित उंच राहू द्या. आठवड्याने 2000 नंबरचा पेपर छोट्या सपाट खोडरबराला गुंडाळून तेवढाच उंचवटा ओल्याने घासा आणि कंपाउंड फिरवा. मेटॅलिक रंगात जवळून डाग दिसणारच, पण गंज थांबतो, आणि ते जास्त महत्त्वाचं.

जुलै-ऑगस्टच्या संततधारेत टचअप करू नका. दमट हवेत ताज्या रंगावर पांढरट झाक येते. मात्र पत्रा उघडा पडला असेल तर उघडीप येईपर्यंत त्यावर पारदर्शक टेप लावा. आधी जागा पूर्ण सुकवा, नाहीतर पाणी आतच अडकेल. प्लास्टिकच्या बंपरला गंजाची भीती नसते, तिथे घाई नको.

पूर्ण दारावर खोल चरा असेल तर पेंटिंगवाल्याकडे जा. विम्यातून करायचं ठरवलं तर आधी नो क्लेम बोनस पाहा. पहिल्या विनाक्लेम वर्षानंतर 20 टक्के आणि पाच वर्षांनी 50 टक्क्यांपर्यंत मिळणारी ही सवलत क्लेम केल्यावर सहसा जाते. एका दारापुरता खर्च त्याहून कमी असेल, तर तो खिशातून केलेला बरा.