भंगारात किरणोत्सारी तुकडा निघाला तर: माणूस, जागा आणि माती कशी मोजायची

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतींतल्या फाउंड्र्या (ओतकामाचे कारखाने) रोज टनावारी भंगार वितळवतात. त्या ढिगातून जुन्या लेव्हल गेजचा (टाकीतली पातळी मोजणाऱ्या यंत्राचा) किंवा वेल्डिंग तपासणाऱ्या रेडिओग्राफी कॅमेऱ्याचा स्रोत, म्हणजे धातूच्या कॅप्सूलमध्ये बंद केलेला किरणोत्सारी तुकडा, येऊ शकतो. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी पदार्थ असाच आला आणि एका कामगाराचा जीव गेला. सेफ्टी ऑफिसर, भंगार उतरवून घेणारे सुपरवायझर आणि वसाहतीजवळचे डॉक्टर यांना मोजणी कशी करायची हे आधीच ठाऊक असायला हवं.

किरणं अंगावर पडणं वेगळं आणि किरणोत्सारी धूळ अंगाला लागणं वेगळं. कॅप्सूल शाबूत असेल तर शेजारच्या माणसाला डोस (शरीराने घेतलेली किरणांची मात्रा) मिळतो, पण तो दूषित होत नाही. त्याला धुऊन काही साधत नाही. कॅप्सूल कापली गेली किंवा वितळली की दूषण सुरू होतं. म्हणून यंत्रंही दोन लागतात. डोस रेट मीटर तासाला किती मायक्रोसिव्हर्ट (डोस मोजायचं एकक) ते दाखवतो. तिथे किती वेळ थांबता येईल हे त्यावरून ठरतं. पॅनकेक प्रोबचा (चपट्या गोल तोंडाचा) जीएम म्हणजे गायगर-म्युलर काउंटर मिनिटाला किती काउंट (किरणांचे ठोके) ते दाखवतो. कुठे काय चिकटलंय हे त्यावरून कळतं. एकाचं काम दुसऱ्याकडून करून घेऊ नका.

बॅकग्राउंड आधी

बॅटरी तपासा, आवाज चालू ठेवा, आणि ढिगापासून लांब, त्याच दिवशी, बॅकग्राउंड, म्हणजे तिथला नेहमीचा नैसर्गिक किरणोत्सर्ग, मोजून लिहून ठेवा. आपल्याकडचा काळा बेसाल्ट युरेनियम-थोरियमच्या बाबतीत गरीब आहे, त्यामुळे बॅकग्राउंड कमी मिळतो आणि थोडी वाढही उठून दिसते. पॅनकेक प्रोबला साधारण मिनिटाला ३० ते ६० काउंट येतात. पावसाळ्यात मात्र जपा. जोराच्या सरीबरोबर हवेतल्या रेडॉन वायूची अपत्यं, म्हणजे त्याच्या क्षयातून बनलेले किरणोत्सारी अणू, जमिनीवर उतरतात आणि मीटर चढतो. पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांत तो खाली येतो. खऱ्या दूषणाचा आकडा असा तासातासाला ओसरत नाही.

खोटी घंटा वाजवणाऱ्या आणखी तीन गोष्टी इथे हमखास भेटतात. उसाला घालायच्या पोटॅश खताच्या एका किलोत पोटॅशियम-४० मुळे सुमारे १६ हजार बेक्वेरेल (सेकंदाला एक अणू फुटला की एक बेक्वेरेल) असतात. साच्यातल्या कोअरला (पोकळी ठेवणाऱ्या वाळूच्या गाभ्याला) लावायच्या झिरकॉन कोटिंगमध्ये आणि झिरकॉन वाळूत युरेनियम-थोरियम असतं. आणि तिसरी म्हणजे कालपरवा हाडांचा किंवा हृदयाचा न्यूक्लिअर स्कॅन झालेला कामगार. त्याला न घाबरवता विचारा. स्कॅनचा टेक्निशियम-९९एम दर सहा तासांनी निम्मा होतो.

ढिगाजवळ जाताना

मीटर बाहेरूनच चालू करून आत न्या. फार तीव्र क्षेत्रात साधा जीएम काउंटर भरून जातो आणि काटा चक्क शून्याकडे पडतो. मीटर चढत चढत एकदम गप्प झाला तर मागे फिरा. स्रोत उघडा असल्याची शंका असेल तर सुरुवातीला चहूबाजूंनी ३० मीटर जागा रिकामी करा. नंतर जमिनीपासून एक मीटर उंचीवर तासाला १०० मायक्रोसिव्हर्ट जिथे मिळतात तिथे आतली दोरी बांधा. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा हा निकष आहे. तुकड्याला हात लावू नका. मुंबईचं अणुऊर्जा नियामक मंडळ आणि जिल्हाधिकारी कार्यालयाचा आपत्ती नियंत्रण कक्ष यांना कळवा.

माणूस मोजताना

जखमी असेल तर आधी रक्तस्राव आणि श्वास बघा. दूषित रुग्णावर उपचार करणाऱ्याला ग्लोव्ह्ज, मास्क, गाऊन घातल्यावर सहसा धोका नसतो. मीटर हाती नाही म्हणून उपचार थांबवणं ही घोडचूक आहे.

माणसाला स्वच्छ प्लॅस्टिकवर उभं करा. प्रोबवर पातळ प्लॅस्टिक चढवा. अल्फा किरण शोधायचे असतील तर चढवू नका, कारण अल्फा कागदानेही अडतो. प्रोब त्वचेपासून एक सेंटिमीटरवर धरून सेकंदाला दोन ते पाच सेंटिमीटर वेगाने फिरवा. डोकं, चेहरा, खांदे, हात, तळहात, कंबर, पाय आणि शेवटी चपलांचे तळ. घाईत फिरवलेला प्रोब लहान डाग गाळतो. प्रोब अंगाला टेकला तर तो स्वतःच दूषित होतो आणि पुढची सगळी माणसं दूषित दिसू लागतात, म्हणून दर माणसानंतर बॅकग्राउंड पुन्हा बघा. ओल्या किंवा घामेजल्या त्वचेवर अल्फा दिसत नाही. गर्दी फार असेल तर डोस रेट मीटरने त्वचेपासून १० सेंटिमीटरवर, बॅकग्राउंडपेक्षा तासाला १ मायक्रोसिव्हर्ट जास्त मिळणाऱ्यांना आधी बाजूला घ्या.

तोंड धुण्याआधी, शक्यतो पहिल्या तासात, दोन्ही नाकपुड्यांतून वेगवेगळ्या ओल्या कापसाच्या काड्या फिरवून घ्या. धूळ श्वासात गेली का याची हीच पहिली खूण. मग बाहेरचे कपडे आतून बाहेर गुंडाळत काढा आणि पिशवीत बांधून नाव लिहा. बहुतेक दूषण इथेच निघून जातं. कोमट पाणी आणि साधा साबण वापरा, घासणी नको: त्वचा सोलली की धूळ आत शिरते. केसांना कंडिशनर लावू नका. धुऊन पुन्हा मोजा. दोन धुण्यांत आकडा हलला नाही तर थांबा. आत काय गेलं ते २४ तासांची लघवी आणि होल बॉडी काउंटर (अख्ख्या शरीरातली किरणं मोजणारं यंत्र) सांगतील.

पृष्ठभाग

जमीन, ट्रकचा हौदा, क्रेनचं मॅग्नेट यांवर १०० चौरस सेंटिमीटर जागा कोरड्या फिल्टर पेपरने पुसा. समजा पेपरवर मिनिटाला ३६० काउंट आले आणि बॅकग्राउंड ६०. निव्वळ ३००, म्हणजे सेकंदाला ५. प्रोबची कार्यक्षमता २० टक्के आणि पुसण्यात १० टक्के धूळ निघते असं धरलं, तर ५ भागिले ०.२, ०.१ आणि १०० यांचा गुणाकार, म्हणजे चौरस सेंटिमीटरला २.५ बेक्वेरेल. कार्यक्षमता प्रत्येक किरणोत्सारी मूलद्रव्याला वेगळी असते, ती कॅलिब्रेशन पत्रकातून घ्या. बॅकग्राउंड ६० असताना एका मिनिटात सुमारे ४० निव्वळ काउंटांपेक्षा कमी असलेलं दूषण खात्रीने पकडता येत नाही. जास्त वेळ मोजा.

स्रोत भट्टीत गेलाच असेल तर सगळीकडे एकसारखं शोधू नका. कोबाल्ट लोखंडात मिसळतो, म्हणून नमुना कास्टिंगचा घ्या. सिझियम उडून जातो आणि बॅग फिल्टरच्या (धूर गाळणाऱ्या पिशव्यांच्या) धुळीत सापडतो. रेडियम आणि अमेरिशियम मुख्यतः स्लॅगमध्ये (वितळलेल्या धातूवरच्या मळीत) जातात. नुसतं कास्टिंग मोजून भट्टी स्वच्छ ठरवली की सिझियम सुटलाच.

माती, पाणी, चारा

पावसाळ्यात वारा पश्चिमेचा असतो, म्हणजे शिरोलीचा धूर हातकणंगल्याच्या बाजूला जाणार. नमुने तिकडचे जास्त घ्या आणि तुलनेसाठी वाऱ्याच्या वरच्या अंगाचेही घ्या. नांगरलेलं रान टाळा, कारण वरचा थर खाली गेलेला असतो. न हललेल्या गवताळ जागेतून वरची ५ सेंटिमीटर माती पाच ठिकाणांहून घेऊन एकत्र करा. प्रयोगशाळेत ती १०५ अंशांवर वाळवून, २ मिलिमीटरच्या चाळणीने चाळून जर्मेनियम डिटेक्टरवर (कोणता किरणोत्सारी पदार्थ किती ते सांगणाऱ्या यंत्रावर) मोजतात. नाल्याला पंचगंगेकडे उतार असेल तर मिळणीच्या वर आणि खाली, दोन्हीकडचं पाणी घ्या. त्याबरोबर तळाचा गाळही घ्या: सिझियम चिकणमातीला घट्ट धरतो, नुसतं पाणी स्वच्छ दिसेल. बाटलीत नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणा, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात. आयोडीन शोधायचं असेल तर मात्र आम्ल घालू नका, ते उडून जातं. त्या भागातल्या म्हशींचा हिरवा चारा आणि दूध एकाच दिवशी घ्या, आणि पुढचे काही आठवडे त्याच गोठ्यातून घेत राहा. चाऱ्यातला सिझियम दुधात उतरतो.