भरलेले पाव: सारण गार, काठ कोरडे

माझा नवरा आठवड्यातून दोनदा डेक्कन क्वीनने मुंबईला जातो. गाडी पुण्याहून सव्वासातला सुटते, म्हणजे डबा साडेसहाला तयार हवा. गाडीला डायनिंग कार आहे, पण त्याला घरचा भरलेला पावच लागतो. एका हातात पाव, दुसऱ्यात फोन, सांडलवंड नाही. म्हणून मी हे पाव आदल्या संध्याकाळी भाजून ठेवते.

पहिल्या खेपेला बटाट्याची भाजी कढईतून थेट पारीत भरली होती. आठातले पाच पाव ओव्हनमध्ये खालून उसवले, उरलेल्या तिघांचं बूड कच्चं आणि चिकट. यीस्टला उगाच बोल लावला. घात वाफेने केला होता. तेव्हापासून सारण आधी करते आणि पंख्याखाली ताटात पसरून पार गार करते.

आठ पावांसाठी चार मध्यम बटाटे उकडून हाताने फोडायचे. मोहरी, हिंग, हळद, आलं-लसूण-मिरचीचा ठेचा, अर्धी वाटी वाफवलेले मटार. मीठ आणि लिंबू वड्याच्या भाजीपेक्षा जरा चढंच घाला, पावाच्या गोडसरपणात चव दबते. खिमा असेल तर पाणी पूर्ण आटवा आणि सुटलेलं तेल निथळून टाका. कोबीला मीठ लावून पाव तास ठेवा, घट्ट पिळा, मग परता. टोमॅटो नकोच.

पिठाला 300 ग्रॅम मैदा, एक चमचा इन्स्टंट यीस्ट, दीड मोठा चमचा साखर, एक चमचा मीठ आणि साधारण 180 मिली कोमट दूध. दुधात बोट सुखाने ठेवता आलं पाहिजे. कडकडीत दुधात यीस्ट मरतं. गोळा झाला की 30 ग्रॅम मऊ लोणी घालून दहा मिनिटं मळा. सुरुवातीला पीठ हाताला चिकटतं, तिथे घाबरून मैदा ओतू नका, नाहीतर पाव दगड होतात. मळून झाल्यावर चिमूटभर पीठ ताणलं की न फाटता पातळ पडदा यायला हवा. मग झाकून दुप्पट फुगू द्या. मे महिन्यात पाऊण तास पुरतो. डिसेंबरात दीड तासही लागतो, तेव्हा मी पातेलं बंद ओव्हनमध्ये गरम पाण्याच्या वाटीशेजारी ठेवते.

आता भरणं. साधारण 65 ग्रॅमचे आठ गोळे करा. पारी मधे जाड, कडेला पातळ लाटा. सगळीकडे सारखी लाटली तर काठ गोळा केल्यावर खाली पिठाचा गड्डा होतो आणि तोच कच्चा राहतो. मधे दोन मोठे चमचे सारण ठेवून पुरणपोळीच्या उंड्यासारखे काठ वर ओढत आणा, चिमटा, पीळ द्या. काठाला तेलाचं बोटही लागता कामा नये. तेलकट पीठ जुळल्यासारखं दिसतं आणि उष्णता लागली की सुटतं. सासूबाईंनी हे बघितलं आणि म्हणाल्या, "करंजीच्या काठाला दूध लावतो, तसं लाव की." लावलं. तेव्हापासून एकही उसवलेला नाही.

जोड खाली करून ट्रेमध्ये दोन-दोन बोटं अंतरावर मांडा, अर्धा तास झाकून ठेवा. वरून दूध लावा, हवे तर तीळ. ओव्हन आधी 190 अंशांवर तापवा, दोन्ही कॉइल चालू, ट्रे मधल्या खणात, 18 ते 20 मिनिटं. माझ्या ओटीजीत मागची बाजू लवकर लाल होते, म्हणून बाराव्या मिनिटाला ट्रे फिरवते. एक पाव उलटून बघा: बूड तांबूस हवं. पांढरट असेल तर फक्त खालची कॉइल लावून आणखी तीन मिनिटं.

बाहेर काढल्यावर लोणी फिरवून सुती फडक्याखाली ठेवा, कवच मऊ राहतं. पूर्ण गार झाले की डब्यात घालून फ्रिजमध्ये. सकाळी झाकण ठेवून तव्यावर मंद आचेवर गरम करते, आतपर्यंत वाफ निघेस्तोवर. मायक्रोवेव्हमध्ये चिवट होतात.